लिंबूटिंबूची जागा

प्रश्न असा आला आहे: "मी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९३ टक्के मिळाले. पण शाळेत असताना अभ्यास आणि क्लास सोडून मी काहीच केलं नाही. खो-खोला नाव द्यायचं होतं, दिलं नाही. गॅदरिंगच्या नाटकासाठी बाईंनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नाही म्हटलं. परवा मैत्रिणींनी ग्रुपवर शाळेचे जुने फोटो टाकले, त्यांत मी जवळजवळ कुठेच नाही. खूप रडू आलं. आता उशीर झाला का? माझा धाकटा भाऊ आठवीत आहे. त्याला सगळं करायला लावू का?"

आधी त्या फोटोंविषयी बोलू.

मी २९ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातल्या बहुतेक संध्याकाळी मुलींच्या खो-खोच्या मैदानावर आणि डिसेंबर महिने गॅदरिंगच्या तालमींत गेले. तालुक्याच्या शाळेत असंच असतं, विषय कोणताही असो, शिट्टी वाजवायला जो तयार होतो त्याच्याच गळ्यात ती पडते. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे मी पुष्कळ पाहिले. त्यात एक गोष्ट दरवेळी दिसते. जिल्ह्याला पहिल्याच फेरीत हरून आलेल्या मुली ती हार रंगवून रंगवून सांगतात. परतीच्या एस.टी.त कोण रडलं, कुणाचा बूट मैदानात राहिला, सरांनी भेळ कुठे खिलवली. आणि ज्यांनी नावच दिलं नव्हतं त्या शेजारी बसून ऐकतात. हरलेल्यांकडे सांगायला काहीतरी असतं. न गेलेल्यांकडे नुसतं "मी गेले असते तर" एवढंच.

हे मला अनुभवाने कळलं होतं, पण त्यावर नीट अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकारी व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात पश्चात्ताप या विषयावर काम केलं. त्यांना आढळलं ते असं की, नजीकच्या काळात माणसाला केलेल्या चुका जास्त टोचतात, पण मागे वळून सगळं आयुष्य बघायला लागलं की न केलेल्या गोष्टी जास्त टोचतात. त्याचं एक कारण मला फार पटतं. एखादी गोष्ट करताना वाटलेली भीती काळ गेला की विरून जाते. आज तुला वाटतं, "एवढं काय होतं त्यात? नाव तर द्यायचं होतं." पण आठवीतल्या तुझ्या पोटात तेव्हा जो गोळा उठला होता, तो आज तुला आठवत नाही. आजच्या धीराने तू त्या तेरा वर्षांच्या मुलीचा हिशेब मांडते आहेस. तिच्यावर एवढी रागावू नकोस.

आणि सगळा दोष तिच्याकडे जातही नाही. आठवीनंतर मुली मैदानावरून कशा नाहीशा होतात ते मी वर्षानुवर्षं जवळून पाहिलंय. सहावीत पंधरा जणी यायच्या, नववीत पाच उरायच्या. कुणाची साडेपाचची एस.टी. चुकली तर दुसरी साडेसातला. कुणाला पाळी सुरू झाली आणि मैदानाजवळ धड दार लागेल असं स्वच्छतागृह नव्हतं. कुणाच्या आईला रानातून यायला उशीर व्हायचा, म्हणून भाकरी हिने टाकायच्या. कुणाला आजी म्हणायची, "आता मोठी झालीस, उंडारणं पुरे." यातलं काही तुझ्या घरी होतं का, मला माहीत नाही. असेल तर खंत करताना तेही मोजत जा.

आता खरी गोष्ट. तू काय गमावलंस?

चषक, प्रमाणपत्रं, फोटो यांचा विचार सोड. खो-खोला नाव दिलं असतंस तरी तू संघात आली असतीसच असं नाही. नाटकात कदाचित तिसऱ्या झाडाच्या मागे उभी राहिली असतीस. तुला जे मिळालं असतं ते वेगळंच आहे, आणि ते समजावून सांगायला मला आपल्या गल्लीतल्या खेळांतला एक शब्द लागतो: लिंबूटिंबू. लपंडाव, पकडापकडी, डबा ऐसपैस, कोणत्याही खेळात एखादं धाकटं भावंड असायचं. ते आउट झालं तरी त्याला आउट धरायचं नाही, त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. ते आपलं सगळ्यांबरोबर धावायचं, ओरडायचं, चुकायचं. आणि एक दिवस, कुणी जाहीर न करता, त्याच्यावर राज्य यायचं. खेळ शिकायची याहून चांगली रीत मला आजवर सापडलेली नाही. येत नसतानाही खेळात घेतलं जाणं, चारचौघांत चुकणं, आणि चुकूनही दुसऱ्या दिवशी परत बोलावलं जाणं. परीक्षेत हे मिळत नाही. परीक्षेत प्रत्येक चुकीचा मार्क कापला जातो. म्हणून ९३ टक्के मिळवणारी हुशार मुलं यात नेमकी मागे राहतात. ज्यात आपण पहिले येणार नाही, त्यात पाऊलच टाकायचं नाही अशी त्यांची सवय होते. तुझ्या पत्रात मला तीच सवय दिसली.

एक मुलगी सांगते. आठवीत होती. हजेरीला "हजर" म्हणायची तेही पहिल्या बाकापलीकडे ऐकू यायचं नाही. वर्गमैत्रीण ओढून घेऊन आली म्हणून मैदानावर आली. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी मधल्या पट्टीवरच्या चौकोनांत बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे, आणि नववी पळत असते. तिने बसलेल्या खेळाडूच्या मागून येऊन पाठीला हात लावायचा आणि त्याच वेळी मोठ्याने "खो" म्हणायचं. दोन्ही एकदम. नुसता हात लागला तर चालत नाही, नुसता आवाज आला तरी चालत नाही, आणि खो मिळाल्याशिवाय बसलेलीने उठायचं नाही. ही पोर पाठीला हात लावायची आणि आवाज घशातच राहायचा. पुढची उठायची नाही, पळणारी लांब निघून जायची, सगळ्या जणी हिच्या नावाने ओरडायच्या. मी फक्त एक नियम केला होता, की तिला कुणी बाहेर बसवायचं नाही. तीन आठवडे असंच चाललं. मग दिवाळीच्या सुट्टीच्या आधी एका संध्याकाळी, अंधार पडत आलेला, धूळ बसायला लागलेली, आणि कुणीतरी अगदी हाताच्या अंतरावरून निसटत होतं. हिने पुढचीच्या पाठीवर थाप मारली आणि असा "खो" दिला की स्टाफरूममधले सर खिडकीत येऊन बघायला लागले. सगळ्या क्षणभर थांबल्या. पळणारीसुद्धा थांबली. मग जो गलका झाला तो मला अजून ऐकू येतो.

ती मुलगी पहिल्या नऊ जणींत कधी आली नाही. नववीत प्रयोगशाळेत मी पाचव्यांदा काडी ओढत होते आणि बर्नर पेटत नव्हता, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, मागचा कॉक बंद आहे." तिचा होता. मैदानावर जे कमावलं होतं ते तिने तिथे खर्च केलं. याला प्रमाणपत्र मिळत नाही.

माझ्याकडूनही एक चूक झाली आहे, आणि ती तुझ्यापासून लपवून मी तुला सल्ला देणं बरं नाही. नववीतला एक मुलगा तालमीला आला आणि म्हणाला, "बाई, मला लाइटचं काम द्या." त्याच्या वडिलांचं वायरमनचं काम होतं, त्याला त्यातलं कळायचं. सहामाहीला गणितात तो नापास झाला होता. मी म्हटलं, "आधी गणित बघ, पुढच्या वर्षी दहावी आहे." तो मान हलवून गेला. त्याचं गणित काही सुधारलं नाही. शाळेत येणं मात्र कमी कमी होत गेलं. मी त्याच्या हातातून एक ओझं काढून घेतलं असं मला वाटत होतं. खरं तर शाळेत यायला त्याच्याकडे जे एकच कारण होतं, ते मी काढून घेतलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत काम मागायला आलेल्या एकाही मुलाला मी परत पाठवलं नाही. पडदा ओढायला का होईना, ठेवून घेतलं.

आता तुझा पहिला प्रश्न, उशीर झाला का.

कशासाठी, ते आधी ठरव. राष्ट्रीय पातळीवर खो-खो खेळायचं असेल तर हो, बराच उशीर झालाय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. त्या पातळीवरचे खेळाडू लहानपणापासून मैदानावर वाढलेले असतात. पण खेळायचंच असेल तर मुळीच उशीर नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात, आणि एकोणीसच्या गटात कनिष्ठ महाविद्यालयांचे संघ उतरतात. म्हणजे तुझं वय अजून त्यात बसतं. पुष्कळ कॉलेजांना हा संघ उभा करायला मुलीच मिळत नाहीत, बारा जणी जमवताना शिक्षकांची दमछाक होते. तू जाऊन उभी राहिलीस तर ते तुझे आभार मानतील.

उशिरा सुरुवात करून फार पुढे गेलेल्यांचे दाखले मी जपूनच देते, कारण ते ऐकून मुलांना वाटतं की आपणही पदक आणलं तरच सुरुवात सार्थकी लागली. तरी एक सांगते. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहून आला, आणि धावण्याच्या स्पर्धांकडे तो खऱ्या अर्थाने वळला ते २०१५ नंतर, सैन्यातल्या क्रॉसकंट्रीमधून. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत धावायची लांब शर्यत, त्याहूनही नंतर. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवलं. तुला अविनाश साबळे व्हायचं नाहीये. तुला रविवारी सकाळी बूट बांधून घराबाहेर पडायचंय. त्यालाही कधीतरी पहिल्यांदा तेवढंच करावं लागलं असणार.

शाळा आणि शाळेनंतरचं जग यात एक फरक मात्र आहे. शाळेत लिंबूटिंबूची जागा आपोआप मिळते. बाई येऊन विचारतात. तुला तर दोनदा विचारलं. यापुढे कुणी विचारणार नाही, ती जागा तुलाच मागून घ्यावी लागेल. त्यासाठी एकच वाक्य लागतं: "मला येत नाही, पण यायचंय." हे वाक्य म्हणायला हुशार मुलांची जीभ जड होते. आरशासमोर म्हणून बघ, हसू नकोस.

जागा कुठे आहेत? कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचा विभाग असेल तर तिथे तुला आधी काही येत असण्याची अट नसते. सात दिवसांच्या निवासी शिबिरात खेड्यात जाऊन राहावं लागतं, रात्री तिथल्या शाळेच्या वर्गात झोपावं लागतं, आणि शेवटच्या दिवशी गावासमोर काहीतरी सादर करावं लागतं. तेव्हा जो पथनाट्यात उभा राहतो तो आदल्या आठवड्यापर्यंत कधीच उभा राहिलेला नसतो. पावसाळ्यात गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, तिथेही नवखे येतच असतात. पहिले काही दिवस हाताला फोड येतात, मग त्यावर चिकटपट्टी, आणि मग एक दिवस शंभर ढोलांत आपला ठोका ठोक्यावर पडतो. पुढे पदवीला गेल्यावर एकांकिका स्पर्धा असतात. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, आणि अशा स्पर्धांत रंगमंचावर दिसणाऱ्या प्रत्येकामागे बॅकस्टेजला दुप्पट मुलं राबत असतात. बॅकस्टेज ही दुय्यम जागा आहे असं मनात आणू नकोस. वेळेवर प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, हातात दिलं नाही तर नायकाची तलवार म्यानातच राहते.

अकरावी-बारावीचं वेळापत्रक मला माहीत आहे. नीट, जेईई, सीईटी, काहींच्या कॉलेजला तर मैदानच नसतं, नुसती लिफ्ट आणि वर्ग. म्हणून मी तुला सगळं कर असं म्हणणार नाही. आठवड्यातले तीन तास आणि एकच गोष्ट. आणि तिला एक हंगाम द्यायचा, म्हणजे आठ-दहा आठवडे. पहिल्या दिवशी वाईट वाटतं म्हणून सोडायचं नाही, कारण पहिला दिवस सगळ्यांचाच वाईट असतो. हंगाम संपल्यावर नाही आवडलं तर खुशाल सोडून दे. मी तालमीला आलेली कितीतरी मुलं पुढच्या वर्षी न आलेली पाहिली आहेत. त्यांना नाटक आवडलं नाही हे कळलं, आणि तो प्रश्न मिटला. त्यांना मेळाव्यात खंत करताना मी पाहिलं नाही.

"सगळे माझ्याकडेच बघतील" ही भीती राहील. त्याबद्दलही गिलोविच आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा एक प्रयोग आहे, २००० साली प्रसिद्ध झालेला. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. त्याला वाटलं, साधारण निम्म्या जणांच्या लक्षात आलं असेल. खरं तर जेमतेम पाव लोकांच्या आलं होतं. कवायतीत चुकीच्या पायाने निघालेल्या मुलीला वाटतं की सगळी शाळा बघतेय. मी समोर उभी असायचे, मला ठाऊक आहे. सगळी शाळा आपापल्या पायाकडे बघत असते.

आता भाऊ.

"सगळं करायला लावू का" यातला "लावू" मला खटकला. तुझी खंत त्याच्या दप्तरात भरू नकोस. सोमवारी कीबोर्ड, मंगळवारी कराटे, बुधवारी अबॅकस असं मुलांना फिरवणारी घरं मी खूप पाहिली. ती मुलं थकलेली असतात, आणि लिंबूटिंबू व्हायची सवलत त्यांना कुठेच नसते, कारण प्रत्येक ठिकाणी फी भरलेली असते आणि फीचं काहीतरी दिसायला हवं असतं. वाढीव गुणांचंही तसंच. दहावीला खेळाचे, शास्त्रीय नृत्य-गायनाचे, लोककलेचे, चित्रकलेचे गुण मिळतात, ते जरूर घ्यावेत, कष्टाचेच असतात. पण एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा नुसत्या गुणांसाठी देऊन, स्थिरचित्राचा कागद एकदा दिला की जन्मात ब्रश न धरणारी मुलंही त्यातून तयार झाली. परीक्षेचा हेतू तो नव्हता.

आठवीत त्याच्यासमोर काय काय उघडं आहे ते मात्र त्याला माहीत असायला हवं, कारण पुष्कळ मुलांना ते नववी संपताना कळतं. त्याच्या शाळेत एन.सी.सी. असेल तर नाव देण्याची वेळ हीच आहे. दोन वर्षांचं असतं, तेव्हा कुठे "ए" प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येतं, आणि दहावीच्या वर्षी ते सुरू करून उपयोग नसतो. विज्ञानात रमत असेल तर इन्स्पायर-मानक योजनेत शाळेमार्फत स्वतःची कल्पना पाठवता येते, निवड झाली तर नमुना बनवायला १०,००० रुपये मिळतात. पुढच्या वर्षी, नववीत, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. तिच्यात लेखी परीक्षेच्या पुढच्या टप्प्यांत प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असतात, म्हणून ती मला आवडते. आणि यातलं काहीच नको असेल, त्याला नुसतं झांजपथकात वाजवायचं असेल, तर ते वाजवू दे.

कशाची आवड आहे हे त्याला आधीच सांगता यावं असा हट्ट धरू नकोस. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या निवासी केंद्रात, गेला, तेव्हा रायफल ठरलेली नव्हती. वर्षभर शरीर घडवण्याचे कष्ट झाले, मग खेळ निवडायचा होता, तेव्हा त्याने नेमबाजी निवडली. आपण मुलांना उलटं विचारतो, आधी आवड सांग, मग क्लास लावू. तेरा वर्षांच्या मुलाला आवड कुठून माहीत असणार? हात लावून बघितल्याशिवाय ती कळत नाही. घरात त्याला येता-जाता विचार, "आज मैदानावर काय झालं?" आणि तो हरून आला तरी त्याच आवाजात विचार.

शेवटी एक काम सांगते, ते या महिन्यात कर. ज्या बाईंनी तुला दोनदा विचारलं, त्या अजून शाळेत असतील तर त्यांना जाऊन भेट. गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या की प्रॉम्प्टिंगला, मुलींच्या वेण्या घालायला, ढाल-तलवारी मोजून पेटीत ठेवायला माणूस कधीच पुरत नाही. माजी विद्यार्थिनी दारात येऊन "काही काम आहे का" असं विचारते तेव्हा शिक्षिकेला काय वाटतं, ते मी या जागेवर बसून तुला सांगू शकते. भावालाही बरोबर घेऊन जा. पडदा ओढायला दोन माणसं लागतात.